बासष्टावी गाडी

“तुमच्या गल्लीतून तासाला दोनशे सोळा सायकली जातात, आणि त्यांतल्या नऊ तुमच्या दाराशी थांबतात.”

लग्नाचं बोलायला म्हणून तो पहिल्यांदा तिच्या घरी आला, तेव्हा पाण्याचा पेला हातात धरून एवढंच एक वाक्य बोलला होता. बरोबर आलेल्या आत्याने कपाळाला हात लावला. पोरगा नोकरीचं सांगेल, घराचं सांगेल, निदान हवापाण्याचं तरी बोलेल अशी तिची अपेक्षा. आणि हा सायकली सांगत बसला. गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून तीन दिवस वाहनं मोजायचं काम वाहतूक खात्याने त्याला दिलं होतं. त्या तीन दिवसांत त्याने वाहनांशिवाय आणखी काही पाहिलं असलंच, तर ते त्याने आजवर कबूल केलेलं नाही.

तिच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. हाताचं काळं तेल फडक्याला पुसत ते म्हणाले, “आठ. नववी माझीच.”

तो कानापर्यंत लाल झाला. खिशातून बोटभर वही काढली, नऊवर रेघ मारली, शेजारी आठ लिहिलं, आणि मग कुठे पाणी प्यायला. दाराआडून तिने हे सगळं पाहिलं. चूक दाखवली की पुरुष एकतर हसण्यावारी नेतात, नाहीतर आवाज चढवतात, एवढं तिला तोवर कळलं होतं. वही काढणारा तिने पहिल्यांदाच पाहिला. स्वयंपाकघरात जाऊन ती आईला म्हणाली, “मला चालेल.”

याला एकतीस वर्षं झाली. तेवढ्या काळात त्याची तीन स्टुलं मोडली, केस गेले, चष्मा आला. काम तेच राहिलं. शहरातल्या कुठल्या ना कुठल्या चौकात सकाळी सातला जाऊन बसायचं. मांडीवर लाकडी पाटी, पाटीवर ओळीने बसवलेली बटणं. सरळ जाणाऱ्याला एक, डावीकडे वळणाऱ्याला एक, उजवीकडच्याला एक. गाडीने पांढरी रेघ ओलांडली की बटण दाबायचं. दर पंधरा मिनिटांनी आकडे तक्त्यावर उतरवायचे आणि बटणं शून्यावर आणायची. त्या आवाजावरून खात्यात त्याचं नाव टिकटिक पडलं. पुढे वयाचा मान म्हणून त्याला शेपूट लागलं आणि तो टिकटिकराव झाला. कॅमेरे आले, त्यांनीही मोजून पाहिलं. पण गर्दीत कॅमेरा दोन रिक्षांचा एक टेम्पो करतो हे लक्षात आल्यावर साहेब लोक पुन्हा म्हणायला लागले, टिकटिकरावांना पाठवा. त्याचा आकडा कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. ही एवढीच त्याची मिळकत होती आणि ती त्याला पुरत होती.

एवढी वाहनं मोजली, पण गाडी चालवायला तो कधी शिकला नाही. “मी आत बसलो तर बाहेर कोण बघणार?” असं म्हणायचा. गाडी ती चालवायची.

तिची शाळेची व्हॅन होती. चौदा वर्षांत तीन व्हॅन झाल्या. आताची पिवळी, मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. पोरं तिला व्हॅनमावशी म्हणत, त्यांचे आईबाप म्हणत, पुढेपुढे गल्लीही म्हणायला लागली. घरात मूल नव्हतं, व्हॅनमध्ये अकरा होती. त्या दोघांनी यावर बोलणं केव्हाच थांबवलं होतं. फक्त रोज सकाळी पावणेसातला तो तिच्या आधी घराबाहेर पडायचा, गल्लीच्या मधोमध उभा राहायचा आणि उजवा हात वर करायचा. दूधवाला थांबे, स्कूटरवाले थांबत, एखादा नवखा हॉर्न वाजवून शिव्या हासडत थांबे. ती व्हॅन मागे घेत बाहेर काढायची, आरशात तो हात दिसायचा. व्हॅन रस्त्याला लागली की हात खाली यायचा. मग तो स्टूल काखेत मारून आपल्या चौकाकडे आणि ती आपल्या पोरांकडे. निघताना बोलायची पद्धत त्यांच्यात नव्हती.

भानगड सुरू झाली ती शाळेजवळच्या मोठ्या चौकात.

त्या चौकात शाळेचा रस्ता उजवीकडे फुटतो. उजवीकडे वळणाऱ्यांसाठी दुभाजक थोडा आत कापून एक लहान पट्टी केलेली आहे. खात्यात तिला खिसा म्हणतात. खिशात गाड्या मावतात पाच. सिग्नलच्या दोन मिनिटांच्या फेऱ्यात वळणाऱ्यांसाठी हिरवा बाण पेटतो बारा सेकंद. बारा सेकंदांत सहाएक गाड्या सुटू शकतात. कागदावर सगळं ठाकठीक. पण सकाळी साडेसातच्या पुढे सरळ जाणाऱ्यांची रांग इतकी मागे जाते की खिशाचं तोंडच बंद होतं. वळायचं असलेला माणूस रांगेत विसाव्या नंबरवर अडकलेला, खिसा त्याच्या डोळ्यांपुढे रिकामा, आणि त्या रिकाम्या जागेवर हिरवा बाण पेटतो. बारा सेकंद जळतो. विझतो. व्हॅनमावशीने हे इतक्या वेळा पाहिलं होतं, की तिला तो बाण रिकाम्या खोलीत कुणीतरी विसरून ठेवलेल्या दिव्यासारखा वाटायला लागला होता.

शेवटी तिने, आणि तिच्यासारख्या बऱ्याच जणांनी, नाद सोडला. ती सरळच निघायची. पुढे सहाशे मीटरवर दुभाजकात एक फट आहे, तिथून मागे फिरायचं, पुन्हा चौकात यायचं आणि आता डाव्या हाताला आलेल्या शाळेच्या रस्त्याला लागायचं. या वळशात कधी सहा मिनिटं जात, कधी अकरा. त्या वर्षी ती नऊ वेळा उशिरा पोचली. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

“मावशी, तुमच्याबद्दल तक्रार नाही हो कुणाची,” बाई म्हणाल्या. “पण पहिला तास बुडतो मुलांचा. आणखी तीनदा झालं, तर ही फेरी मला दुसऱ्या व्हॅनला द्यावी लागेल. माझाही नाइलाज आहे.”

तिने मान डोलावली. बाहेर येऊन ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली. मागच्या सीटवर कुणाचीतरी केसांची लाल पिन पडली होती. ती तिने उचलून पुढच्या कप्प्यात ठेवली. त्या कप्प्यात अशा वस्तूंचा ढीग होता. खोडरबर, बटण, अर्धी खडूकांडी, एक दुधाचा दात.

त्याच आठवड्यात तो घरी येऊन म्हणाला, “तुमच्या चौकातला बाण काढतायत.”

ती कणीक मळत होती. “काढतायत म्हणजे?”

“नवी इंजिनिअर आलीय ना, ती चष्मेवाली, तिने प्रस्ताव केलाय. उजवीकडे वळतात तासाला चौऱ्याऐंशी. म्हणजे फेऱ्याला जेमतेम तीन. तेवढ्यासाठी बारा सेकंद कशाला? ते सरळवाल्यांना द्यायचे, वळणाऱ्यांनी समोरून मोकळीक मिळाली की वळायचं. पंधरवड्याने सुनावणी आहे. त्याआधी एकदा ताजी मोजणी करायची. मी बसतोय सोमवारपासून.”

“मोकळीक! त्या चौकात?” तिने कणकेचा गोळा परातीत आपटला. “अहो, फेरी जाईल माझी.”

मग तिने मुख्याध्यापिकाबाईंचं सांगितलं. चार दिवस पोटात ठेवलेलं एका दमात सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी ती अर्धवट हसत, अर्धवट चाचपत म्हणाली, “तुमच्याच हातात आहे की. चौऱ्याऐंशीचे शंभर झाले तर कोण बघायला येतंय?”

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने हात धुण्याचं निमित्त करून पाठ फिरवली. त्या नजरेत राग नव्हता. ती एखाद्या अनोळखी पत्त्यावर आल्यासारखी नजर होती.

“बरं बाबा, नका वाढवू,” ती नळाखाली हात धरून म्हणाली. “तुमचं लग्न त्या पाटीशीच झालंय, मी आपली बरोबर आले.”

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मीठ दे, दार लाव, उद्या पाणी नाही.

सोमवारी तो चौकात बसला. सात वर्षांपूर्वीपर्यंत त्याची जागा कोपऱ्यावरच्या बदामाच्या झाडाखाली असायची. ते झाड कोपरा रुंद करताना काढलं, तेव्हापासून तो विजेच्या खांबाच्या सावलीत बसतो. खांबाची सावली वीतभर. ती सरकेल तसं स्टूल सरकवायचं. साडेसातला त्याला रांगेत पिवळी व्हॅन दिसली. खिडकीतून व्हॅनमधली सगळ्यात धाकटी, दात पडलेली पोर, हात हलवत होती. “टिकटिककाका!” मोजताना तो हात हलवत नसे. सिग्नल सुटला, व्हॅन रेघ ओलांडून सरळ गेली. त्याने बटण दाबलं.

संध्याकाळी जेवताना त्याने रुसवा संपवायचा त्याच्या परीने प्रयत्न केला. “आज तुला मोजलं.”

हा त्यांचा जुना खेळ. ज्या ज्या चौकात ती त्याच्या पाटीसमोरून जाई, त्या संध्याकाळी तो हे सांगे आणि ती विचारी. आजही तिने विचारलं, पण ताटाकडे बघत.

“कुठल्या रकान्यात?”

“प्रवासी गाड्या. सरळ.”

“पण मला कुठे सरळ जायचं होतं?”

हे ती सहज म्हणाली होती. भांडायच्या भरातही नाही. पण त्याचा घास तसाच हातात राहिला. तिला वाटलं, ठसका लागला. ती पाणी द्यायला उठली तर तो म्हणाला, “थांब. पुन्हा सांग.”

“काय पुन्हा सांगू? मला शाळेत जायचं असतं. शाळा उजवीकडे. खिशात शिरायला मिळत नाही म्हणून मी सरळ जाते आणि त्या फटीतून उलटी येते. चार वर्षं झाली. तुम्हाला काय वाटलं, मी पोरांना फिरायला नेते?”

“आणि उलटी येऊन डावीकडे वळतेस.”

“मग? उडी मारू?”

तो हात न धुताच उठला. कपाटाखालची ट्रंक ओढली. जुने तक्ते तो घरी ठेवत असे. खात्यात ते वाळवीला जात. त्या चौकाची एकवीस वर्षांची मोजणी त्याने जमिनीवर पसरली, आणि उष्ट्या बोटाचा डाग पडू नये म्हणून डाव्या हाताने एकेक कागद दाखवायला लागला. वर्षानुवर्षं उजवीकडचा रकाना चौऱ्याऐंशीच्या आसपास घुटमळत होता. समोरून येऊन डावीकडे वळणाऱ्यांचा रकाना मात्र फुगत गेला होता.

“आम्ही म्हणायचो, तिकडे वस्ती वाढली,” तो म्हणाला. “डावीकडचे वाढले म्हणून कोपरा छाटला. झाड काढलं. माझ्या आकड्यावर काढलं.”

ती त्याच्याशेजारी खाली बसली.

“मी रेघ ओलांडलेली गाडी मोजतो. जिला वळायचं होतं आणि जमलं नाही, ती…” त्याने रिकाम्या जमिनीकडे हात केला. “खिसा पाचाचा. तोंड बंद. मग माणसं वळणार किती? सुटतील तेवढीच. मी लोकांना किती हवंय ते मोजतच नव्हतो. खिसा किती लहान आहे ते मोजत होतो. एकवीस वर्षं.”

“अहो, हात धुवा आधी,” ती हळूच म्हणाली. आणि मग तिला काय आठवलं कोण जाणे, “आमच्या दारात बसला होतात तेव्हा थांबलेल्याही मोजल्या होत्यात की.”

“तेव्हा तरुण होतो,” तो म्हणाला. “थांबणाऱ्यांकडे लक्ष जायचं.”

तिने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. दोन दिवसांचा रुसवा तिथे संपला; निदान तिच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी तो चष्मेवालीकडे गेला. तिला खात्यात येऊन तीन महिने झाले होते आणि हा तिचा पहिलाच प्रस्ताव. सगळं ऐकून ती रडवेली झाली, हे त्याने घरी आल्यावर सांगितलं.

“ती म्हणाली, काका, आकडे तर तुमचेच आहेत. मी म्हटलं, म्हणूनच मी आलोय.”

“मग?”

“मग काय, चष्मा पुसला आणि म्हणाली, आता कसं मोजायचं ते सांगा.”

कसं मोजायचं ते त्याने रात्रीच ठरवलं होतं. चष्मेवालीने पुढच्या फटीपाशी बसायचं आणि मागे फिरणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे लिहायचे. त्याने चौकाच्या कोपऱ्यावर बसून डावीकडे वळणाऱ्यांचे लिहायचे. जो आकडा दोन्ही वह्यांत सापडेल, त्या माणसाला मुळात उजवीकडे वळायचं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रोज साडेसात ते साडेआठ.

बुधवारी व्हॅन फटीतून फिरताना पोरांनी दुभाजकावर छत्री धरून बसलेली चष्मेवाली पाहिली. “मावशी, ही ताई कुणाची वाट बघतेय?” धाकटीने विचारलं.

“आपलीच,” व्हॅनमावशी म्हणाली आणि गिअर बदलला.

त्या दिवशी ती उशिरा पोचली. तीनातला एक गेला. शुक्रवारी दुसरा गेला. फाटकावरचा रखवालदार हल्ली तिच्याकडे न बघताच वहीत लिहायचा.

शुक्रवारी दिवेलागणीला दोन्ही वह्या घरी आल्या. तिने चष्मेवालीची वही वाचायची, त्याने आपल्या वहीत शोधून खूण करायची. नंबर मोठ्याने वाचले की वाहनं वेगळीच होतात. आठशे तेरा. शून्य नव्वद. दोनशे छप्पन्न. तिला वाटलं, आपण एखाद्या शाळेची हजेरी घेतोय आणि प्रत्येकाला उशीर झालाय. कुणी दवाखान्यात निघालं असेल, कुणी परीक्षेला, कुणाची नोकरी नवीन असेल. रोज हे सगळे तिच्या पुढेमागे त्या फटीतून वळत होते, आणि तिला वाटायचं, असा उलटा फेरा घालणारी आपण एकटीच.

मध्येच ती थबकली. मग वाचलं, “चारशे सात.”

तिचाच नंबर. आपलं नाव आपणच पुकारल्यासारखं तिला अवघडायला झालं. त्याने मान वर केली नाही. वहीत बोट फिरवलं, चारशे सात शोधलं, शेजारी बारीकशी खूण केली.

“पुढे,” तो म्हणाला.

तिन्ही दिवसांत शुक्रवारचाच आकडा सगळ्यात कमी भरला. तो म्हणाला, हाच द्यायचा, म्हणजे फुगवला असं कुणी म्हणायला नको. त्या तासाभरात दोन्ही वह्यांत सापडलेल्या गाड्या होत्या बासष्ट.

सुनावणी मंगळवारी सकाळी साडेदहाला होती, खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर. पोरांना शाळेत सोडून ती तिथे पोचली. धाकट्यांची शाळा बारा वाजून दहा मिनिटांनी सुटते, तोवर वेळ होता. व्हॅन तिने खालच्या रस्त्यावर दोन ट्रकांच्या मधल्या बोळकांडीत कशीबशी घुसवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. समोर लांब टेबल, टेबलामागे मोठे साहेब, बाजूला चष्मेवाली, आणि टेबलाच्या टोकाला तो. इस्त्रीचा शर्ट घातलेला, पायाशी स्टूल. खुर्ची असतानाही स्टूल बरोबर आणलेलं पाहून तिला हसू आलं.

आधी त्या चौकातून रोज सरळ जाणारा एक फर्निचरवाला दुकानदार उठला. “साहेब, बाण काढा आणि मोकळे व्हा. बारा सेकंद आम्ही कुणासाठी थांबतो? तिथे कुणी नसतंच! मी रोज बघतो, बाण पेटतो आणि रस्ता रिकामा.”

“बरोबर आहे,” टिकटिकराव म्हणाला.

दुकानदार गडबडला. त्याला विरोधाची सवय होती.

“रस्ता रिकामा असतो, कारण ज्यांना तिथे यायचं असतं ते तुमच्या मागे अडकलेले असतात,” तो म्हणाला. त्याचा आवाज फार लहान होता. मागच्या बाकापर्यंत यायला त्याला वेळ लागत होता. “खिशाचं तोंड सरळवाल्या रांगेने बंद होतं. मी आजवर रेघ ओलांडलेल्याच गाड्या मोजल्या. ज्यांना वळायला मिळालं नाही त्या पुढे गेल्या, फटीतून मागे आल्या आणि मी त्यांना डावीकडच्या रकान्यात टाकलं. म्हणजे एकाच माणसाला मी दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा चुकीच्या जागी.”

मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “टिकटिकराव, तुमची मोजणी? चुकीची?”

“आकडे चुकलेले नाहीत साहेब. रकाने चुकलेत.”

“किती जण आहेत असे?”

“तासाला एकसष्ट.”

चष्मेवालीने समोरचा कागद पाहिला आणि त्याच्याकडे वाकली. “काका, बासष्ट,” ती कुजबुजली. ती कुजबूज सगळ्या खोलीला ऐकू गेली.

“एकसष्ट,” तो म्हणाला. “बासष्टावी आमचीच.”

मागच्या बाकावर बसलेल्या तिला खोलीत एकदम सायकलच्या तेलाचा वास आल्यासारखं झालं. फडक्याला हात पुसणारे वडील, पाण्याचा पेला धरलेला लालबुंद पोरगा, बोटभर वही. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. चार वर्षं ती त्या फटीतून फिरत होती, फेरी जायची वेळ आली होती, आणि कागदावरून तो तिलाच खोडत होता. तिला राग यायला हवा होता. ती शोधत राहिली; राग कुठे सापडेना.

मोठे साहेब आकडेमोड करत होते. “चौऱ्याऐंशी अधिक एकसष्ट. एकशे पंचेचाळीस. म्हणजे फेऱ्याला पाच.” त्यांनी चष्मेवालीकडे पाहिलं. “पाच असतील तर बाण काढता येणार नाही.”

“नाही सर,” चष्मेवाली म्हणाली. ती उभी राहिली होती. “प्रस्ताव मी मागे घेते. खिसा वाढवायला हवा. किमान बारा गाड्यांचा. दुभाजक खोदायला महिना लागेल, पण तोवर रंगाने रेघ मागे ओढता येईल. दुभाजकालगतची पट्टी तेवढ्यापुरती फक्त वळणाऱ्यांना द्यायची. परवापर्यंत होईल.”

“आणि आम्ही?” दुकानदार ओरडला.

“तुमच्या पुढे उभे राहणारे एकसष्ट जण कमी होतील,” टिकटिकराव म्हणाला. “बासष्ट,” तो जरा थांबून म्हणाला, आणि पहिल्यांदाच खोलीत हशा पिकला. दुकानदारही हसला, मग आपण का हसलो याचा विचार करत खाली बसला.

परवा. व्हॅनमावशीने मनातल्या मनात मोजलं. मध्ये फक्त उद्याची एक सकाळ. उद्या वीस मिनिटं आधी निघायचं, पोरांच्या आयांना आजच सांगायचं. एक सकाळ जमेल. तिच्या छातीवरचं कसलंतरी ओझं बाजूला सरकलं, आणि त्याच्याखाली दुसरं असल्याचं तिला कळलं. कारण साहेब अजून बोलत होते.

“एक राहिलंच,” साहेब म्हणाले. आवाज मऊ होता. “खिशासाठी वर कागद पाठवायचा, तर जुनी मोजणी का धरायची नाही हे लिहावं लागेल. एकवीस वर्षांच्या तक्त्यांवर शेरा पडेल. आणि त्या तक्त्यांवर सही तुमची आहे. चार महिने राहिलेत तुमचे. हवं तर मोघम लिहू आपण. परिस्थिती बदलली, असं काहीतरी.”

 हे काय विचारलं जातंय ते फक्त तिला पुरतं कळत होतं. त्याच्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्याचा आकडा कुणी दुसऱ्यांदा तपासत नाही, एवढंच होतं.

त्याने हात पुढे केला. चष्मेवालीने कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने खिशातून पेन काढलं, आणि साहेबांना लिहू न देता स्वतःच शेरा लिहिला. दोन ओळी. त्याचं अक्षर सावकाश चालायचं. मग खाली सही केली, तारीख घातली, आणि पेनचं टोपण लावताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

बारा वाजायला आठ मिनिटं होती; बारा-दहाला धाकट्यांची शाळा सुटणार होती.

साहेब काहीतरी बोलायला लागले होते, बहुतेक त्याच्या नोकरीबद्दल चार चांगले शब्द. त्याने वाकून स्टूल उचललं, काखेत मारलं आणि टेबलाला वळसा घालून बाकांच्या मधून चालत आला. तिच्या बाकाशी क्षणभर थांबला. तिच्या मांडीवर व्हॅनची किल्ली होती. ती उचलून त्याने तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. खाली रस्त्यावर दोन ट्रकांच्या मध्ये व्हॅन अडकलेली होती, मागून गाड्यांची रीघ असणार, आणि ती मागे घ्यायला रस्त्याच्या मधोमध कुणीतरी हात वर करून उभं राहायला हवं होतं.

त्याने दार ढकललं आणि तिच्या आधी बाहेर पडला.